पेटी नंबर एकोणीस

गायरानात मशीन उभी राहिली तेव्हा
खिरटकर साहेबांना एक बाई हवी होती,
जमिनीतून निघालेल्या दगडी कांड्या धुऊन
पेटीत ओळीनं लावणारी.
वाचता येतं का, म्हणाले.
म्हटलं, आकडे येते जी.

पेटीला पाच खण, खणात एक मीटर.
वरून खाली, डावीकडून उजवीकडे.
काळी माती तर पेटीत टिकलीच नाही,
पाण्याबरोबर गेली.
मग पिवळं चोपण, मग तांबडा.
"वाळूच आहे," साहेब म्हणाले,
"गंजानं एकमेकींना धरून बसलेली."
मी बोट फिरवलं,
जात्यातल्या भरड्यासारखं लागलं.

त्या दिवशी कळलं, नदी म्हणजे सूप.
जोर आहे तोवर गोटे पुढं ढकलते,
जोर ओसरला की रेती टाकते,
पार दमली की गाळ.
मी चाळीस वर्षं तुरी पाखडल्या:
डाळ, कणी, चुनी, टरफल.
साहेबांच्या वहीत तेच, नावं निराळी.
गोट्यांचा गोटाळ, वाळूचा वालुकाश्म,
पिठाएवढा बारीक तो शेल.
त्यातही बारीक नि अतिबारीक ओळखायला
साहेब कपचा दाताखाली धरतात.
करकरला तर रेती बाकी आहे,
लोण्यासारखा सरकला तर नुसता चिखल.
मलाही चाखायला दिला.
अठ्ठावीस कोटी वर्षांचा, म्हणाले.
मी विचारलं, वरून पाणी प्यावं लागते का?

सगळंच पाखडलेलं नसतं म्हणे.
नदीकाठच्या भोकातून राखाडी कांडी आली,
साहेबांनी आम्लाचा थेंब टाकला, ती फसफसली.
पाण्यात विरघळून गेलेलं
तळाला पुन्हा बसलेलं.
हे मले सांगू नका, म्हटलं,
माझ्या हंड्याचं बूड पाहा.

बेचाळीस मीटरला नळी रिकामी आली.
हातभर काहीच नाही.
साहेबांनी तेवढाच लाकडी ठोकळा खणात बसवला,
वर लिहिलं: मिळाला नाही.
माझ्याही पेटीत एक ठोकळा आहे,
घुग्घुसच्या तीन वर्षांचा.
त्यावर मी काही लिहिलेलं नाही.

चौऱ्याण्णवला कोळसा लागला.
पेटी नंबर एकोणीस, शेवटचा खण.
हा कणांचा नाही, झाडांचा.
हाताला हलका, धुतला तर चकाकला,
एका थरावर पानाची शीर होती.
ड्रायव्हर वणीहून पेढे घेऊन आला.
गावातले आठ-दहा जण पेटीभोवती उभे राहिले.
कोणी हात लावला नाही.
कोणी पेढाही घेतला नाही.

मशीन आणखी खाली गेली.
हिरवट चिखल, त्यात रुतलेले दगड,
कवठाएवढा एक, बोराएवढा एक, एक मोहरीएवढा,
कशाला कशाचा मेळ नाही.
"हे कोणी पाखडलं नाही जी," मी म्हणाले.
साहेब पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून हसले.
"बर्फ होता इथं, पार्बताबाई.
बर्फाला पाखडता येत नाही.
सापडेल ते कवेत घेऊन येतो
आणि वितळतो तिथं टाकून देतो."
मे महिना. ताडपत्रीखाली शेहेचाळीस.
मी ओल्या कांडीवर पालथा हात ठेवून बसले.

माजरीच्या रस्त्याला ओबीचे डोंगर आहेत.
खाणीवाले आधी वरचं सगळं काढून तिथं ओततात:
काळी माती, तांबडा, चोपण,
विहिरीचे चिरे, कोणाच्या तरी उंबऱ्याची फाडी,
खालचं वर, वरचं मध्येच.
एवढ्या नद्यांनी एवढं पाखडलेलं.

आमचंही तिथंच जाईल.
वर पाऊस, वर गाळ, वर आणखी कोणाची नदी.
मग कधीतरी कोणी नळी घालेल,
एखादी बाई कांडी धुवेल,
बोट फिरवेल, थांबेल,
म्हणेल, हे काही पाखडलेलं नाही जी.
आणि तिचे साहेब वहीत लिहितील:
इथं बर्फ आला होता.